गिरणीचा पहिला बार

आमच्या गावात गिरण चालू आहे की बंद, हे बघायला कुणी जात नसे. ते घरबसल्या ऐकू यायचं. तेलावर चालणारं इंजिन, त्याचा धूर बाहेर टाकणारी लोखंडी नळी छपरातून वर काढलेली, आणि नळीच्या तोंडावर गिरणीवाल्या अण्णांनी मुद्दाम बसवलेलं पत्र्याचं डबडं. इंजिन सुरू झालं की त्या डबड्यातून पुक पुक पुक असा आवाज निघायचा आणि वारा बरा असला तर थेट मळ्यातल्या वस्त्यांवर पोचायचा. मग हातातलं काम टाकून बायका ज्वारीची पाटी डोक्यावर घ्यायच्या. दोन-चार दळणांसाठी इंजिन चालवणं परवडत नाही, त्यामुळे ते चालू आहे तोवर सगळ्यांनी गाठायचं, असा रिवाज होता. तो आवाज म्हणजे गिरणीची दवंडी.

कुंडलकडून कृष्णेच्या बाजूला उतरताना लागणारं आमचं गाव. गिरण गावाच्या अगदी कडेला, आमच्या बौद्धवाड्याला चिकटून. गावाला पीठ हवं होतं, धडधड नको होती, म्हणून धडधड आमच्या वाट्याला आली. आणि आमची दळणं मात्र सगळ्यांच्या शेवटी. अण्णा काही संतमहात्मा नव्हते. गाव करायचं तेच तेही करायचे, आणि त्याचा विचार त्यांनी केला असेल असं मला वाटत नाही. मी गावच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून ते मला 'बाई' म्हणू लागले होते. त्याला मी प्रगती समजत होते.

माझे यजमान फौजेत होते. गाव त्यांना हवालदार म्हणायचं, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा मनातल्या मनात तेच म्हणायची, कारण लग्नानंतर आमची गाठ सुट्टीपुरतीच पडायची आणि सुट्टीत ते घरात तपासणीला आल्यासारखे वागायचे. हंडा इथं का, दोरी तिथं का. फौजेत त्यांचं काम आर्मररचं, म्हणजे बंदुका उघडून, साफ करून, मोडलं असेल ते दुरुस्त करायचं. पासष्टच्या लढाईनंतर ते कायमचे घरी आले. हातपाय धड होते. सासूबाईंनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि वाड्यात गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात चहा पीत बसले होते आणि अण्णांनी गिरण सुरू केली. इंजिनाला हँडल मारून चाक फिरवायचं, वेग आला की लिव्हर पाडायची, आणि मग पहिला बार व्हायचा. धाड! त्यानंतरची पुक पुक म्हणजे काहीच नाही. त्या पहिल्या बाराला आमच्या वाड्यातली तान्ही पोरंसुद्धा सरावलेली होती. मी वळून बघते तर कपबशी फुटलेली आणि हवालदार भिंतीच्या कडेला पालथे, दोन्ही हात डोक्यावर. मी जवळ गेले तर त्यांनी माझा हात धरून मला खाली ओढलं. किती वेळ आम्ही तसे पडून होतो कोण जाणे. मग ते उठले, अंग झाडलं, काचा गोळा केल्या आणि नदीकडे निघून गेले. संध्याकाळी गिरण बंद झाल्यावर परत आले.

हेच रोज सुरू झालं. गिरण कधी सकाळी सुरू व्हायची, कधी दुपारी. दळणं जमतील तशी. त्यामुळे बार कधी होईल याचा नेम नसायचा. ते जेवायला बसले तरी कान गिरणीकडे. घास तोंडाशी नेऊन थांबायचे. मी त्यांना सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कान तपासले, बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात म्हणाले, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "कानाचं बघता येईल. दचकण्यावर माझ्याकडे औषध नाही." उगाच बाटल्या गळ्यात मारल्या नाहीत, याबद्दल त्या डॉक्टरांचे मी आजही आभार मानते.

परतीच्या एसटीत हवालदार म्हणाले, "मी सातारला खोली बगतो. तितं रखवालदाराचं काम मिळंल. तुज्या शाळंचं हाय, आईचं हाय, तुमी हितंच ऱ्हावा." मी खिडकीतून उसाकडे बघत बसले. इतकी वर्षं सरकारने ठेवून घेतलेला नवरा आता कुठे घरी आला होता, आणि शेजारची एक पिठाची गिरण त्याला परत नेणार होती. मला त्या गिरणीचा इतका संताप आला की समोर असती तर लाथ घातली असती.

त्या संतापातच मी त्यांना विचारलं, "अहो, बंदुकीला म्हणे सायलेन्सर असतो. मग या मेल्या गिरणीला का नाही?"

आणि हवालदार हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसले. म्हणाले, "सायलेन्सर हे नावच खोटं हाय."

मग एसटी पार गावाच्या फाट्यावर येईपर्यंत ते बोलत होते. मी शिक्षिका, पण इतका सोपा पाठ मी आजवर घेतला नसेल. ते म्हणाले, "गोटीच्या सोड्याची बाटली बगितलीस का न्हाई? गोटी एकदम दाबली तर फट्ट करून समदा फेस अंगावर. दमानं दाबली तर निसतं सुस्स. बंदुकीचं तसंच. गोळीच्या मागं जळालेल्या दारूचा धूर असतो, लय तापलेला, लय दाबलेला. गोळी म्हंजी त्याचं बूच. बूच निगालं की त्यो एकदम भाईर पडतो अन् हवेवर आदळतो. त्योच बार. सायलेन्सर म्हंजी तोंडाला लावलेला डबा, आत खोल्या. धूर या खोलीतनं त्या खोलीत जातो, पसरतो, निवतो, त्याची रग जिरती, मग भाईर येतो."

"मग आवाज येतच नाही?"

"येतो की! सिनेमातलं फुस्स खरं धरू नगं. धुराचा आवाज डब्यात जिरतो, पर गोळीचं काय? आसुडाचं टोक हवेत कडाडतं ना? आवाजाच्या म्होरं पळनारी गोळी तशीच वाटंभर कडाडत जाती. डबा मागंच ऱ्हायला, त्यो तिला काय करनार? हळू पळनारी गोळी असंल तर त्यो कडाका न्हाई. तवा निसता बंदुकीचा खटका आन् थोडी फूस."

मी विचारलं, मग अमुक डब्याने इतका आवाज कमी होतो असं ठरवून सांगता येत असेल. ते मान हलवून म्हणाले, "न्हाई. तीच बंदूक, त्योच डबा, तरी रोज निराळं. भिंतीजवळ मारली तर मोठा, उगड्या माळावर बारका. म्होरं उभं ऱ्हायलेल्याला येक ऐकू येतं, मागच्याला येक. डबा मोठा का ल्हान, दारू किती, समदं बगावं लागतं. आन् पयला बार तर हमखास मोठा."

"तो का?"

"डब्यात आदी ताजी हवा असती ना. अर्धवट जळालेली दारू तितं जाऊन परत पेट घेती. येकदा ती हवा जळाली की मागचे बार मऊ."

फाट्यावर उतरलो तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता. लोखंडाबद्दल बोलताना माझा नवरा सापडतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि तशीच गिरणीवर गेले.

अण्णा पिठाने पांढरे होऊन पट्टा उतरवत होते. मी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. ऐकून ते खाली बसले. म्हणाले, "बाई, आवाज मारला तर दळनं कोन आननार? माजं दुकान आवाजाचं हाय." मी म्हटलं, ते मला कळतं. त्यांनी गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "करून बगू. हवालदारांना म्हनावं, काय लागतं ते सांगा."

कराडच्या भंगारवाल्याकडून एक जाड पत्र्याचा ड्रम आला. हवालदारांनी गिरणीमागे खड्डा खणून घेतला, ड्रममध्ये आडवे पत्रे बसवून खोल्या केल्या, धुराची नळी त्यात सोडली, दुसऱ्या टोकाने नळी बाहेर काढली आणि वरून माती-दगड रचले. आमच्या वाड्यातली माणसं खणायला होती, अण्णा स्वतः घमेली उचलत होते. अख्खं गाव बघायला जमलं. सगळं झाल्यावर हवालदार आत गेले, त्यांनी हँडल मारलं, गर्दीच्या गलक्यात पहिला बार झाला, आणि इंजिन सुरू झालं. त्यानंतर बाहेर पुक पुक नाही, काही नाही. जमिनीतून नुसतं हुं हुं, एखादी म्हैस रवंथ करत बसल्यासारखं. अण्णांनी हवालदारांची पाठ थोपटली. मी त्या दिवशी शाळेत पोरांना गूळशेंगा दिल्या. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून दळणं येईनात. मळ्यातल्या बायका कान देऊन बसल्या होत्या आणि गिरण काही वाजत नव्हती. गिरण मोडली असं एका वस्तीवर पसरलं, अण्णाच आजारी आहेत असं दुसऱ्या. एक पाहुणे तर भेटायला म्हणून केळी घेऊन आले आणि अण्णांना दारात धडधाकट बघून केळी द्यावीत की परत न्यावीत या विचारात पडले. लोक शेजारच्या गावच्या गिरणीवर जाऊ लागले. अण्णा रिकाम्या गिरणीत माश्या मारत बसायचे. एका शब्दाने आम्हाला बोलले नाहीत.

ते सगळं सोसून उपयोग काही झाला असता तरी गोष्ट वेगळी. अण्णांनी सकाळी हँडल मारलं की पहिला बार व्हायचाच. उलट ड्रममध्ये साचलेला तेलाचा धूर पेट घ्यायचा आणि आमच्या पायाखालची जमीन हादरायची. ड्रम बसवल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी हवालदार गोठ्यापाशी पडले ते म्हशीच्या पायाखाली येता येता वाचले. उठून अंगावरचं शेण पुसत म्हणाले, "म्या सांगितलंवतं ना तुला. डबा कसला बी लावा, पयला बार मोठाच." माझ्यावर चिडले नव्हते. हिशेब बरोबर आला, एवढंच सांगत होते. त्याने मला जास्त रडू आलं.

ड्रम काढला. डबडं परत नळीवर बसलं, दळणं परत आली. मग अण्णांनी आपणहून एक केलं. इंजिन सुरू करण्याआधी ते कुंपणापाशी येऊन हाक द्यायचे, "हवालदार, चालू करतो बरं का!" चांगल्या मनाने केलेलं होतं, पण त्याने आणखी बिघडलं. हाक आणि बार यांच्या मधल्या वेळात हवालदार दोन्ही मुठी आवळून बसायचे, कपाळाला घाम. एकदा हँडल नीट बसेना म्हणून उशीर झाला, तर त्या उशिराने ते पांढरेफटक पडले. त्या संध्याकाळी त्यांनी ट्रंक काढली.

सासूबाईंनी शिदोरी बांधली. भाकऱ्या बांधताना फडक्याची गाठ चार वेळा सोडून परत बांधली. त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला मी शाळेला रजा टाकली होती. सातारची गाडी फाट्यावरून सकाळी होती. आम्ही निघणार, तेवढ्यात दारात अण्णा. आमच्या दाराशी ते त्याआधी कधी आले नव्हते. कुंपणापर्यंत यायचे. त्या दिवशी पायरी चढून आत आले आणि कुणी म्हणायच्या आत घोंगडीवर बसले.

"हवालदार," ते म्हणाले, "जायाच्या आदी येकडाव गिरण तुमी चालू करून जावा."

"मी?" हवालदारांनी विचारलं.

"ड्रम बसवला तवा हँडल तुमीच मारलंवतं. बार झाला, मी तुमच्या तोंडाकडंच बगत हुतो. तुमची पापनी बी हालली न्हाई. दुसऱ्या दिशी मी मारलं, तवा तुमी पडला. मी ह्येचा लय इचार केला, गड्या. बार त्योच. हात दुसरा."

हवालदार त्यांच्याकडे बघत राहिले. मीही. आमच्यापैकी कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. आम्ही सगळे ड्रमकडे बघत होतो, आणि हा एकटा माणूस माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

ते दोघे गिरणीत गेले. मी दारातच थांबले. मग धाड झालं, आणि पाठोपाठ पुक पुक सुरू झाली. मी धावत गेले तर हवालदार इंजिनाशेजारी उभे होते, हँडल हातात, आणि तेलाची नळी कुठे गळते आहे ते अण्णांना रागावून दाखवत होते. अण्णा मान डोलवून म्हणत होते, "व्हय, व्हय. उद्या आल्यावर बगा की."

सातारची गाडी गेली.

पुढचं मला गिरणीवरच्या बायकांकडून तुकड्यातुकड्याने कळलं. गावातली काही मोठी माणसं अण्णांकडे गेली. आमच्या वाड्यातल्या माणसाच्या हातची गिरण, त्यातलं पीठ घरात कसं न्यायचं, असं त्यांचं म्हणणं. अण्णा दळणाच्या रांगेसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हँडल हवालदारच मारनार. ज्याला चालत न्हाई त्यानं घरी जात्यावर दळावं." जात्याचं नाव निघालं आणि रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्या दिवशी घरोघरी काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, अंदाज मात्र आहे. बहुतेक घरांतला विटाळ एका रात्रीत फिटला. काही घरं शेजारच्या गावी गेली ती गेलीच. अण्णांनी त्यांचं नाव आमच्यासमोर कधी काढलं नाही.

मी एकदा आभार मानायला गेले तर मला हात जोडून म्हणाले, "बाई, उगं काय बी बोलू नगा. माजं मनगाट गेलंय, मला हँडल मारनारा गडी पायजेच हुता." असं म्हणून त्याच मनगटाने त्यांनी ज्वारीचं पोतं उचलून काट्यावर ठेवलं. ज्याला उपकार लपवायचे आहेत त्याचे ते उघडे पाडू नयेत, एवढी अक्कल मला होती. पण आज लिहिते आहे. त्या माणसाने माझा संसार राखला, आणि पुन्हा आम्हालाच आपले मदतनीस म्हणून मिरवलं.

हवालदारांचं सगळं बरं झालं असं नाही. दिवाळीत ते माळावर निघून जायचे, लग्नातले फटाके त्यांना कधीच सोसले नाहीत. पण गिरणीचा बार त्यांचा झाला. त्यांनी इंजिनाला अशी शिस्त लावली की अण्णा म्हणायचे, ह्ये आता मला बी सलाम ठोकतंय.

त्या पहिल्या दिवसाचं मात्र एक सांगायचं राहिलं. इंजिन चालू करून, तेलाची नळी आवळून हवालदार दुपारी घरी आले. भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या. सातारच्या वाटेवर खायची शिदोरी त्यांनी चुलीपुढे बसून खाल्ली, सगळी, घास मध्ये कुठेही न थांबवता, आणि तिथेच घोंगडीवर आडवे झाले. बघता बघता घोरायला लागले. भिंतीपलीकडे गिरण सुरूच होती, मांडणीवरचे पेले तिच्या धडधडीने थरथरत होते. मी ताट उचलायला गेले तर त्यातली वाटी किणकिणली. सासूबाईंनी दारातून डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवून मला दटावलं, "अगं, हळू. झोपलाय त्यो."